धनुरे अप्पांची यादी

धनुरे अप्पा विहिरीजवळून नुसते कधी पुढे गेले नाहीत. जीप थांबवायला लावायचे, काठावर जाऊन उभे राहायचे, खिशातून एक खडा काढून आत सोडायचे आणि भरभर मोजायचे, ‘ओंदु, एरडु, मूरु...’ उदगीरच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या शिवेला लागून त्यांचं गाव. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, पण आकडे तोंडात कानडीतच यायचे. खडा पाण्याला लागला की ‘डुबुक्’ असा जाड आवाज यायचा आणि अप्पा मान हलवून परत जीपमध्ये बसायचे. त्या दुष्काळाच्या वर्षी दिवाळीनंतर तो आवाज बदलला. दगडावर दगड आपटावा तसा कोरडा ‘टक्’ ऐकू यायला लागला. टक् आवाज आला की अप्पा लगेच हलत नसत. थोडा वेळ खाली बघत उभे राहायचे. जीपचा ड्रायव्हर म्हणायचा, “अप्पा, चला की. काय सापडणार हाय तिथं?” अप्पा म्हणायचे, “सापडायचंच न्हाई म्हणून तर बघू लालोय.”

लातूरच्या आमच्या ऑफिसचं काम विहिरींचं पाणी मोजायचं. जिल्ह्यात ठरलेल्या काही विहिरी होत्या. ठरलेल्या महिन्यांत जायचं, टेप सोडायची, पाणी किती खोल गेलं ते लिहून आणायचं. अप्पा तिथं आरेखक होते. शाईनं नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. नकाशे कॉम्प्युटरवर निघायला लागले तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढं होतं आणि त्यांचं टेबल खिडकीकडून भिंतीकडं सरकवण्यात आलं होतं. मी त्याच खोलीत सहायक. मोजण्या टाईप करायच्या, तक्ते करायचे, साहेबांच्या सहीला न्यायचे, एवढं माझं काम. अप्पा मला मानेभाऊ म्हणायचे.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दोन-चार खडे. धोब्याला रोज त्याचा त्रास. डबा खाताना ते कुणाशी बोलत नसत. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर अर्धा ग्लास पाणी. पुरा ग्लास त्यांनी कधी घेतला नाही. दुसऱ्या कुणी अर्धा ग्लास पिऊन उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, की अप्पा नुसते त्याच्याकडं बघायचे. आमच्या खोलीत माणसं पाणी प्यायला बिचकायला लागली होती.

भिंतीकडं तोंड करून बसल्यावर अप्पांनी काय करावं, तर प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. गंजगोलाईतल्या एका नेटकॅफेत सकाळी ऑफिसच्या आधी जाऊन छापील पानं आणायचे आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे. कॉलेजमधल्या कुणा मास्तरानं त्यांना लुआ नावाची भाषा सुचवली होती. लहान, हलकी. जुन्या मशीनवरसुद्धा पळते. लुआ म्हणजे ती जिथं बनली तिथल्या भाषेत चंद्र, हे कळल्यावर अप्पा खूश झाले. “म्हंजे शिवाच्या डोक्यावरचाच की,” म्हणाले.

ही भाषा त्यांना हवी होती ती एका कामासाठी. प्रत्येक विहिरीच्या मागच्या कित्येक वर्षांच्या मोजण्या आमच्याकडं पडून होत्या. पाणी कुठल्या महिन्यात किती उतरतं त्यावरून यंदा कुठली विहीर कुठल्या आठवड्यात आटेल ते काढता येईल, असं त्यांना वाटत होतं. साहेबांना सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, “वरून सॉफ्टवेअर येणारच आहे.” ते येणार म्हणून दोन उन्हाळे गेले होते. आमच्या कॉम्प्युटरवर काही नवं बसवायचं तर पासवर्ड लागायचा, आणि तो पासवर्ड विभागाच्या ऑफिसात कुणाकडं तरी होता. तालुक्यांच्या ठिकाणी तर नेटही धड नव्हतं. म्हणून अप्पांनी ठरवलं, की भाषेचा मूळ कोड आणायचा आणि आपल्याच विंडोजवर आपण कंपाईल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवायचा. एकच छोटी फाईल तयार होईल, पेनड्राईव्हमध्ये घालून जळकोटला न्या, औशाला न्या, काही बसवायला नको, लावली की चालली.

ते कंपाईल करणं मला लख्ख आठवतं, कारण अप्पांचा तेवढा आनंद मी नंतर कधी बघितला नाही. कोडच्या तीस-एक फायली होत्या. अप्पांनी सगळ्या एकदम कंपाईलरपुढं टाकल्या. पडद्यावर चुकांची ओळ आली. परत टाकल्या, परत तीच. तीन दिवस डबा तसाच परत जात होता. चौथ्या दिवशी दुपारी ते एकदम टेबलावर हात मारून हसले.

“मानेभाऊ, इकडं या. एका घरात दोघं कारभारी हायत हो!”

म्हणजे असं, की त्या फायलींमध्ये खरं तर दोन प्रोग्रॅम होते. एक भाषा चालवणारा, दुसरा नुसता भाषांतर करून ठेवणारा. दोघांचीही सुरुवात एकाच नावानं होत होती, आणि मशीनला कळेना की ऐकायचं कुणाचं. अप्पांनी दुसऱ्याची फाईल बाजूला काढली, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि एंटर दाबलं. मिनिटभरात फाईल तयार. एखाद्या फोटोपेक्षाही लहान. अप्पांनी त्यात दोन अधिक दोन करायला सांगितलं. चार आलं. साठीला आलेला माणूस, डोळे पुसत म्हणाला, “हे मी केलं बगा.”

पुढं त्यांनी विहिरींचा प्रोग्रॅम लिहिला आणि पहिल्यांदा चालवला तेव्हा काळ्या पडद्यावर गावांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. विंडोजच्या त्या खिडकीला देवनागरी येत नव्हतं. गाव नाही, नाव नाही, ओळीमागून ओळ प्रश्नचिन्हं, आणि शेजारी आटायचा आठवडा. मला हसू आलं. अप्पा हसले नाहीत. “सगळा तालुका विचारू लालाय,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निकाल पडद्याऐवजी फाईलमध्ये लिहून घेतला आणि नावं नीट दिसायला लागली. पण मला ती प्रश्नचिन्हं काही विसरता आली नाहीत.

यादीत अप्पांनी आणखी एक रकाना घातला होता. विहीर बांधीव की कच्ची. मी विचारलं, पाण्याचा आणि बांधकामाचा काय संबंध? ते म्हणाले, “पाणी हाय तवर माणूस वरून शेंदतं. आटलं की खाली उतरतं. झऱ्याच्या तोंडाशी वाटीनं भरत बसतं. पाणी गेलं की कच्च्या विहिरीची माती सुटते. मग वरून काय येईल त्याचा नेम न्हाई.” जिथं विहीर आटणार आणि कच्ची, तिथं प्रोग्रॅम नावापुढं चांदणी टाकायचा. डिसेंबरच्या यादीत अकरा चांदण्या होत्या. त्यातल्या चार जळकोट तालुक्यातल्या. एक शेलवाडी.

जानेवारीत आम्ही शेलवाडीला गेलो. डोंगराच्या उतारावर वसलेलं चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं गाव, गावाखाली एकच विहीर. अप्पांनी खडा सोडला. टक्. तळाशी झरा तेवढा झिरपत होता. आत एका बाजूला मातीत खोबण्या पाडून पायऱ्या केलेल्या. खालून भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं डोक्यावर कळशी घेऊन एक बाई त्या खोबण्यांतून वर आली. गंगाबाई तिचं नाव. चाळिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले.

अप्पा म्हणाले, “माय, आत उतरू नका. ही कड सुटू लालीय. बघा, भेग पडलीय.”

गंगाबाईनं भेगेकडं बघितलंसुद्धा नाही. “मग पाणी कुठून आणू, अप्पा? तुमच्या जीपमधी हाय का?”

“टँकर लावायला सांगतो. यादीत हाय तुमचं गाव.”

“यादीत तर आमी सालोसाल हाव,” ती म्हणाली आणि हसली. मग आमच्याकडं बघून, माणसं लांबून आलीत म्हणून, तिनं कळशीतलं पाणी फडक्यातून गाळून तांब्याभर दिलं. अप्पांनी दोन घोट घेतले, उरलेला तांब्या परत तिच्या कळशीत रिता केला. परतीच्या वाटेवर तीन विहिरी लागल्या, त्यांनी जीप थांबवली नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मलाही ते बरं वाटलं नाही.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शहराकडं सगळ्यांच्या नजरा होत्या, आणि खेड्यांच्या याद्या टेबलावर पडून असायच्या. त्यातच नव्या जिल्ह्याची हवा उठली. उदगीर वेगळा जिल्हा होणार, जळकोट तिकडं जाणार, असं सगळीकडं चाललं होतं. चहाच्या टपरीवर कोणता तालुका कुठं जाणार याचे नकाशे लोक बोटानं टेबलावर काढायचे. आमच्या ऑफिसातही कुणाची बदली कुठं, हीच चर्चा.

फेब्रुवारीत टँकरसाठी वर यादी द्यायची होती. अप्पांच्या प्रोग्रॅमची यादी मी तक्त्यात बसवून साहेबांकडं नेली. साहेबांनी ती बघितली. वाईट माणूस नव्हते ते. थकलेले होते, आणि वरून सारखे फोन येत होते, की आकडा फुगवू नका.

“इतकी गावं देता येत नाहीत, माने. थोडी कमी करा.”

मी विचारलं, “कुठली काढू, साहेब?”

त्यांनी पेनानं जळकोटवर रेघ मारली. “हे तसंही उदगीरला चाललंय. नवा जिल्हा त्यांचं ते बघून घेईल. आपण कशाला ओढवून घ्या?”

मी टेबलावर आलो. चार ओळी निवडल्या आणि डिलीटचं बटण दाबलं. शेलवाडीच्या पुढची चांदणी गेली. खालची गावं वर सरकली. तक्ता कसा नीटनेटका दिसायला लागला. अप्पा तेव्हा औशाला गेले होते. संध्याकाळी आले, भिंतीवर लावलेली सहीची प्रत वाचली, बोटानं ओळी मोजल्या, कानडीत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “चार कमी हायत.”

मी म्हणालो, “साहेबांनी सांगितलं.”

ते साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. आवाज चढला नाही. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं, अप्पांचं. “साहेब, जिल्हा कधी होईल ते मला माहीत न्हाई. विहीर पुरती कधी आटंल ते माहीत हाय. मार्चचा दुसरा आठवडा.” त्यानंतर त्यांनी स्वतः हातानं अर्ज लिहिला, तहसीलला दिला, पोचपावती घेतली. दर सोमवारी फोन करून विचारायचे. तिकडून उत्तर यायचं, यादीत गाव नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, जळकोटहून फोन आला. शेलवाडीची विहीर ढासळली होती. तीन बाया आत होत्या. दोघींना बाहेर काढलं. गंगाबाई मातीखाली गेली.

फोन मीच घेतला होता. मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते कीबोर्डवर काहीतरी टाईप करत होते. त्यांनी हात थांबवला. खिशातले खडे काढले, एकेक करून टेबलावर ठेवले आणि उठून बाहेर गेले. त्यानंतर त्यांच्या खिशात मला खडे दिसले नाहीत.

पेपरात आलं. विधानसभेत प्रश्न विचारला जाणार म्हणाले. मग हळूहळू एक गोष्ट तयार झाली. ऑफिसात परवानगी नसलेलं, कुणा आरेखकानं घरच्या घरी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरात होतं, त्यात बिघाड असल्यानं गाव यादीतून सुटलं. ही गोष्ट कुणी लिहिली ते मला माहीत नाही. कागदावर ती आली तेव्हा पूर्ण होती. अप्पांना निवृत्तीला पाच महिने राहिले होते. चौकशी नांदेडला लागली.

आम्ही दोघं सकाळच्या एस.टी.नं निघालो. मला साक्षीला बोलावलं होतं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन तडकलेली. अप्पांच्या मांडीवर एक पिशवी. त्यात वही आणि पेनड्राईव्ह. त्यांनी मला वाटेत एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

चौकशी अधिकारी एक बाई होत्या. बारीक आवाजाच्या, नेमकं बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “तुमचा प्रोग्रॅम चुकू शकतो की नाही?”

“चुकू शकतो, मॅडम,” अप्पा म्हणाले. “पण इथं चुकला का, ते तुमच्यापुढं बघू. तुमचंच मशीन द्या. माझी तयार फाईल नको. मी मुळापासून करून दाखवतो.”

बाईंनी थोडा विचार केला आणि शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मोकळा करायला सांगितला. अप्पा बसले. तीस-एक फायली काढल्या. दुसरा कारभारी बाजूला काढला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. खोलीत सहा-सात माणसं होती. अप्पांचा हात लिंगाकडं गेला नाही. नवी फाईल तयार झाली. जुन्या मोजण्या पेनड्राईव्हवर होत्या, डिसेंबरच्या त्यांनी ऑफिसच्या रजिस्टरवरून वाचून दाखवायला सांगितल्या. बाईंचा कारकून वाचत होता, अप्पा भरत होते. एंटर दाबलं. निकालाची फाईल उघडली.

अकरा चांदण्या. तिसरी ओळ, शेलवाडी. मार्च, दुसरा आठवडा.

बाईंनी सहीची यादी त्या ओळीशेजारी धरली. मग म्हणाल्या, “तुमच्या यादीत आहे. सहीच्या यादीत नाही. मधे काय झालं?”

अप्पा म्हणाले, “ते मी केलेलं न्हाई. म्हणून मी सांगणं बरं न्हाई.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. “तुम्हाला काही सांगायचंय?”

समोर पाण्याचा ग्लास होता. मी म्हणालो, “नाही, मॅडम.”

परतीच्या गाडीत लोहा यायच्या आत अप्पांनी डबा उघडला. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं धरली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, “घ्या. उपाशी राहून खरं बोलायला जमत न्हाई.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी तिथंच उतरून गेलो असतो. भाकरी हातात धरून मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

दोन आठवड्यांनी मी लेखी दिलं. ओळी मी काढल्या, कुणाच्या सांगण्यावरून काढल्या, सगळं. चौकशीच्या फायलीला माझा कागद जोडला गेला. साहेबांना समज देण्यात आली. अप्पांच्या प्रोग्रॅमवरचा ठपका गेला, पण परवानगीशिवाय सॉफ्टवेअर बनवल्याचा राहिला. एक माणूस येऊन आमच्या सगळ्या मशीन साफ करून गेला. माझी बदली लोह्याला झाली. अप्पा ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. निरोपाला मला जाता आलं नाही. खरं म्हणजे मी गेलो नाही.

उदगीर जिल्हा झाला नाही. जळकोट लातुरातच आहे.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे बरे झाले. मग एका वर्षी पाऊस सप्टेंबरमध्येच थांबला. पण तूर हिरवी होती, ओढ्यांना पाणी होतं, कुणाला काही वाटत नव्हतं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मी लोह्याच्या बसस्टँडवर उभा होतो आणि समोरच्या गाडीच्या खिडकीत अप्पा बसलेले दिसले. बारीक झाले होते. भस्माचे पट्टे तसेच, वर आता पांढरी टोपी. मांडीवर जुना लॅपटॉप, कुणीतरी वापरून दिलेला.

मी खिडकीशी गेलो. त्यांनी लगेच ओळखलं.

“मानेभाऊ! तुमचं लेखी वाचलं मी. तुम्ही लिहून देणार, हे गाडीत भाकरी घेतली तवाच कळलं होतं,” ते म्हणाले.

मी विचारलं, “इकडं कुठं, अप्पा?”

“कंधारकडच्या एका ग्रामपंचायतीनं बोलवलंय. विहिरी बघायला. आता सही-शिक्का लागत न्हाई. कुणी बोलवलं की जातो. गावाच्या मशीनवर बसवून देतो, त्यांचं ते काढतात.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्या आई गावीच हायत का? औशाच्या?”

“हो. गाव सोडत नाही.”

अप्पांनी लॅपटॉप उघडला नाही. तो बंदच, दोन्ही हातांखाली धरलेला. “तिकडचं काढलंय मी. तुमच्या गावाचं बी.”

“काय निघालं?”

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली. अप्पा खिडकीच्या गजाला तोंड लावून, हळू पण स्पष्ट म्हणाले, “फेब्रुवारीच्या आत त्यांना इकडं घेऊन या.” एवढं बोलून ते सरळ बसले आणि समोर बघू लागले. गाडी कंधारच्या रस्त्याला वळली. मागच्या काचेतून त्यांची पांढरी टोपी थोडा वेळ दिसली, मग धुरळा.

मी तिथंच उभं राहून घरी फोन लावला. आईनं उचलला.

“विहिरीला पाणी किती आहे?” मी विचारलं.

“हाय की. दोन परस, दोन माणसं बुडतील एवढं तरी असंल,” ती म्हणाली. “आताच पोहरा भरून आणला. काहून रे?”

स्टँडच्या मागं तुरीचं शेत होतं, पिवळ्या फुलांनी भरलेलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “तू सामान बांधायला लाग.”